चौथ, सरदेशमुखी आणि स्वराज्य

मराठ्यांच्या इतिहासाचे कोणतेही पुस्तक उघडले की चौथ आणि सरदेशमुखी हे शब्द लवकरच भेटतात. शाळेत आम्ही ते पाठ केले : चौथ म्हणजे चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा. तेवढ्यावर गुणही मिळाले. परंतु हा हिस्सा कोणत्या नात्याने मागितला जात होता, असे कोणी विचारले असते तर वर्गात शांतता पसरली असती. आणि सारे मर्म तर त्या नात्यातच आहे.

सरदेशमुखीपासून आरंभ करू. कारण हा शब्द बांद्याच्या माणसाला परका नाही. घाटावर ज्याला देशमुख म्हणत त्याला आपल्याकडे देसाई म्हणत, आणि वाडीचे सावंत हे कुडाळ प्रांताचे सरदेसाई म्हणूनच प्रथम पुढे आले. देसाई हा राजा नव्हे, राजाचा पगारी चाकरही नव्हे. परगण्याची लागवड वाढवावी, वसुलाला हातभार लावावा, दंगाधोपा आवरावा आणि त्याबद्दल उत्पन्नात ठरावीक हक्क घ्यावा, हे त्याचे वतन. वतन वडिलोपार्जित, ते भावाभावांत वाटले जाई, प्रसंगी विकलेही जाई. हे बांदे गाव आदिलशाहीत आदिलाबाद झाले, पुढे सावंतांकडे आले, अखेर १९४८ साली संस्थानाबरोबर मुंबई राज्यात विलीन झाले. राज्ये अशी बदलत, पण नवा राजा आला तरी जुन्या वतनदाराला सहसा हात लावत नसे. वतनाचे हे बळ शिवाजीमहाराज पुरते ओळखून होते. १६५९ साली लखम सावंतांशी त्यांचा जो करार झाला, त्यात कुडाळच्या उत्पन्नाचा निमा वाटा महाराजांना द्यावयाचा ठरला. तो करार फार दिवस टिकला नाही हा भाग वेगळा.

आता पाहा. साऱ्या दक्षिणेच्या देशमुखांवरचा जो मुख्य, तो सरदेशमुख, आणि ते वतन आमचे, असा महाराजांचा दावा होता. म्हणजे सरदेशमुखी ही राजाने बसविलेली पट्टी नव्हे. वतनदाराने मागितलेला हक्क आहे. छत्रपतीने दुसऱ्याच्या मुलखात वतनदार म्हणून उभे राहावे हे आजच्या वाचकास चमत्कारिक वाटेल. त्या काळी ते मोठ्या सोयीचे होते : बादशहाचे बादशहापण तोंडाने नाकारावे लागत नव्हते, आणि त्याच्या तिजोरीत दहावा हात मात्र घालता येत होता.

चौथाईचे कूळ निराळे. तिचा एक उगम आपल्या शेजाऱ्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, दप्तरात सापडतो. दमणच्या आसपासच्या गावांना रामनगरच्या कोळी राजाकडून उपद्रव होऊ नये म्हणून पोर्तुगीज त्याला चौथ देत असत. शिवाजीमहाराजांनी १६७२ साली रामनगर घेतले आणि तीच चौथ आता आम्हांस द्या, असा निरोप पाठविला. शब्द जुनाच होता, मागणारा बदलला. त्या शब्दाला दक्षिणभर पसरविण्याचे काम पुढच्या दोन पिढ्यांनी केले.

१७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन आला. दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथ आणि सरदेशमुखी शाहूमहाराजांना मिळाली. सनदांत अटीही होत्या : चौथाईच्या मोबदल्यात पंधरा हजार स्वार सुभेदाराच्या मदतीला ठेवावयाचे आणि सरदेशमुखीच्या मोबदल्यात मुलखाचा बंदोबस्त राखावयाचा. कागदावर पाहिले तर हा देवघेवीचा करार आहे. प्रत्यक्षात काय झाले ते पुढे येईलच.

आधी हिशेब मांडू. आकडे दिसल्यावाचून हे प्रकरण डोक्यात बसत नाही असा आमचा अनुभव आहे. एखाद्या महालाचा वसूल शंभर रुपये धरा. सरदेशमुखीचे दहा रुपये वतनाचे म्हणून छत्रपतींचे. चौथाईचे पंचवीस. या पंचविसांतला चौथा भाग, म्हणजे सहा रुपये चार आणे, ही राजबाबती, तीही छत्रपतींची. चौथाईवर शेकडा सहाप्रमाणे दीड रुपया हा सहोत्रा, तो पंतसचिवाचा. शेकडा तीनप्रमाणे बारा आणे हे नाडगौडा. ते कोणाला द्यावयाचे ते छत्रपतींच्या मर्जीवर. राहिले साडेसोळा रुपये. त्यांचे नाव मोकासा, आणि तो सरदारांना, फौजा बाळगण्यासाठी.

या साडेसोळा रुपयांत पुढच्या शतकाची गोष्ट आहे. चौथाईचा सर्वांत मोठा वाटा सरदाराच्या पदरात. शिवाय एकाचा मोकासा, दुसऱ्याची बाबती, तिसऱ्याचा सहोत्रा एकाच महालात गुंतलेले. यामुळे कोणा एकाला फुटून निघणे कठीण होईल अशी योजना होती, असे म्हणतात. ते खरेही असेल. परंतु हा गुंता सोडवू शकेल असा कारकून मात्र अपरिहार्य झाला, आणि नवा मुलूख मिळविल्यावाचून नव्या सरदाराला देण्यास काही उरेना.

जेथे चौथ लागू झाली तेथे एका गावात दोन अंमल आले. निजामाचा अंमलदार एकीकडे, मराठ्यांचा कमाविसदार दुसरीकडे. यालाच दुअंमल म्हणत. निजामाने यातून चतुर पळवाट काढली. चौथ देतो, पण ती शाहूंना द्यावयाची की कोल्हापूरच्या संभाजींना, याचा निवाडा आधी होऊ द्या, असे त्याने म्हटले. त्या निवाड्याचा शेवट पालखेडास झाला, आणि १७२८ च्या मुंगी-शेवगावच्या तहात निजामाने शाहूंचा हक्क मान्य केला.

बंगाल्यात तर सनदेची भाषा कोणी ऐकलीच नाही. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा तेथे शिरल्या. आपला बारगीर, म्हणजे सरकारी घोड्यावरचा साधा स्वार, बंगाली भाषेत 'बर्गी' झाला आणि आया त्याचे नाव घेऊन मुलांना निजवू लागल्या. १७५१ साली अलिवर्दीखानाने वर्षाला बारा लाख रुपये चौथ कबूल केली तेव्हा ते थांबले. न्यायमूर्ती रानड्यांनी चौथाईची तुलना वेल्स्लीच्या तैनाती फौजेशी केली आहे. पैसे घेऊन संरक्षणाची हमी द्यावयाची ही रीत दोहोंतही आहे खरी. पण बंगालच्या रयतेला कोणते संरक्षण मिळाले, याचे उत्तर आम्हांस त्या तुलनेत सापडत नाही.

शब्दावरून भांडणे हा काही आपलाच स्वभाव नव्हे. १७६५ साली इंग्लंडने अमेरिकेतील वसाहतींवर स्टॅम्पचा कर बसविला, तेव्हा व्यापाराला वळण लावण्यासाठी घेतलेली जकात वेगळी आणि उत्पन्नासाठी बसविलेला कर वेगळा, असा वाद तेथल्या लोकांनी घातला. पहिली पार्लमेंटला घेता येईल; दुसरा आमच्या प्रतिनिधींच्या संमतीवाचून नाही. रकमेपेक्षा नाते मोठे, हीच गोष्ट.

तिसरा शब्द स्वराज्य. १७१९ च्या सनदांत तोही आहे, पण तेथे त्याचा अर्थ शिवाजीमहाराजांच्या ताब्यातील ठरावीक महाल एवढाच. पुढे वसुलाच्या कागदांत 'स्वराज्य' आणि 'मोगलाई' ही हिश्शांची नावे झाली. एकाच गावाचा काही वसूल स्वराज्याकडे, बाकीचा मोगलाईकडे. दादाभाईंनी १९०६ साली कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये आणि टिळकांनी त्यांच्या आगेमागे हा शब्द उचलला, तेव्हा कारकुनाच्या वहीतून तो बाहेर पडला. आम्हांस तर वाटते की त्याचे खरे आयुष्य तेव्हाच सुरू झाले.

सगळ्याच शब्दांचे असे दैव नसते. वतनांपैकी देशमुख-देशपांड्यांची परगणे वतने आणि कुलकर्णी वतने मुंबई राज्याने १९५० च्या कायद्याने रद्द केली. देसाई हे आडनाव तेवढे राहिले. आपल्या तालुक्यात आंबोली, गेळे, चौकुळ येथे 'कबुलायतदार गावकर' हा शब्द मात्र जिवंत राहिला. गावकऱ्यांनी मिळून संस्थानाला सारा भरण्याची कबुलायत लिहून दिली आणि जमीन मिळून कसली. पुढे सातबारा आला. त्याच्या रकान्यांत अशा सामाईक कबुलायतीला जागा नव्हती, आणि जमिनींवर महाराष्ट्र शासनाचे नाव लागले. त्या एका शब्दाचा अर्थ काय, जमिनीची मालकी की केवळ सारा भरण्याची हमी, हे ठरवून घेण्यासाठी त्या गावांतील माणसे वर्षानुवर्षे कचेरीच्या पायऱ्या चढली आहेत.