खडीच्या तुकड्यात उष्णता किती मावते?

कोडोलीच्या कुठल्याही रस्त्यावर वाकून बघा, काळ्या खडीचा तुकडा सापडेलच. हा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत आला, थरावर थर साचले, थंड झाले आणि त्यातून आपल्या सह्याद्रीचे नि पन्हाळ्याचे डोंगर घडले. एके काळी धगधगत वाहणारा हा दगड आज तुमच्या हातात गार पडलाय. त्याला पुन्हा एका अंशाने तापवायचं तर किती उष्णता द्यावी लागेल? याचं उत्तर कुठे शोधत बसायचं नाही, स्वतः मोजायचं. आणि मोजायला लागणार काय? माठातलं पाणी, स्टीलचा ग्लास आणि एक तापमापी!

त्याआधी एक गोष्ट पक्की करू. गुऱ्हाळावर गेलात, तर चुलवाणात चिपाडं धडाडून जळताना दिसतील. तिथून उडालेली ठिणगी हातावर पडली तर नुसता चटका बसतो. पण काहिलीतला उकळता रस पेलाभर सांडला तर? हात चांगलाच भाजेल. तापमान तर ठिणगीचं कितीतरी जास्त! मग असं का? कारण ठिणगी एवढीशी, तिच्याजवळ द्यायला उष्णताच थोडी. किती तापलंय हे वेगळं आणि उष्णता किती साठलीय हे वेगळं. ग्लासगो विद्यापीठातल्या जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या सुमारास हा फरक नीट उलगडला. सारख्याच वजनाच्या दोन वस्तूसुद्धा एका अंशाने तापायला सारखीच उष्णता घेत नाहीत, हेही त्यांनी दाखवलं. प्रत्येक पदार्थाची भूक निराळी!

एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला लागते एक कॅलरी. खडीच्या एका ग्रॅमला किती लागते, ते आपण काढायचं. दहावीच्या पुस्तकात यालाच विशिष्ट उष्माधारकता म्हटलंय.

आता कामाला लागू. खडीचे दोन-तीन धुतलेले तुकडे घ्या, मिळून १५० ग्रॅम. किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करून मिळेल. तुकडे ताजे फुटलेले, घट्ट दगडाचे असावेत. ते दोऱ्यात बांधा आणि उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं टांगून ठेवा, म्हणजे आतपर्यंत तापतील. हे काम घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच करायचं. आणि दगड थेट चुलीत मुळीच टाकायचे नाहीत. आत ओल असली तर तिची वाफ होऊन दगड फुटतो, कपच्या उडतात.

पाणी उकळतंय म्हणजे १०० अंश, असं लिहून मोकळे होऊ नका. कोडोली समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच आहे. इथे हवेचा दाब थोडा कमी, त्यामुळे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. पन्हाळ्यावर गेलात तर आणखी एखादा अंश आधीच. म्हणून तापमापी घालून बघायचं. ती शाळेच्या प्रयोगशाळेतली हवी. तापाचा थर्मामीटर इथे चालणार नाही, फुटून जाईल.

दुसरीकडे ६० ग्रॅमच्या स्टीलच्या ग्लासात माठातलं २०० ग्रॅम पाणी घ्या. तो ग्लास मोठ्या डब्यात ठेवा आणि मधल्या जागेत कापूस किंवा लाकडाचा भुसा भरा, म्हणजे उष्णता बाहेर निसटणार नाही. झाला आपला कॅलरीमापी! पाणी माठातलंच का? ते खोलीच्या हवेपेक्षा थोडं गार असतं. सुरुवातीला पाणी हवेकडून थोडी उष्णता घेतं, शेवटी हवेपेक्षा गरम झालं की तेवढीच परत देतं, आणि चूक बरीचशी फिटते. ही युक्ती रम्फर्ड नावाच्या शास्त्रज्ञाची. मला ती फार आवडते, कारण तिला काडीचाही खर्च नाही.

दगड उचला, एकदा जोरात झटका आणि लगेच ग्लासात सोडा. झटकायला विसरू नका. दगडाला चिकटून तीनच ग्रॅम उकळतं पाणी आलं, तरी उत्तर दहा टक्क्यांनी चुकतं! का ते हिशोबात कळेल. मग हळूहळू ढवळत राहा. तापमापीतला पारा चढत जाईल, थांबेल, मग उतरायला लागेल. तो सगळ्यांत वर जिथे थांबला, तो आकडा लिहा.

समजा, पाणी २७ अंशांवर होतं आणि दगड टाकल्यावर ३६ झालं. म्हणजे पाणी ९ अंश चढलं. ग्लासही तापला, त्यालाही धरायला हवं. ६० ग्रॅम स्टील जेवढी उष्णता घेतं, तेवढी साधारण ७ ग्रॅम पाणी घेतं. म्हणून २०७ गुणिले ९, म्हणजे १,८६३ कॅलरी. ही उष्णता आली कुठून? दगडाकडून. दगड ९८ वरून ३६ वर आला, ६२ अंश उतरला. १५० ग्रॅम गुणिले ६२, म्हणजे ९,३००. आता १,८६३ ला ९,३०० ने भागा. उत्तर आलं ०.२० कॅलरी!

बघा, दगड ६२ अंश उतरला आणि पाणी जेमतेम ९ अंश चढलं. खडीला लागते त्याच्या पाचपट उष्णता पाण्याला लागते. म्हणूनच चिकटून आलेलं तीन ग्रॅम पाणी एवढा घोळ घालतं: ३ गुणिले ६२, म्हणजे १८६ कॅलरी, आपल्या १,८६३ चा दहावा भाग.

हाच प्रयोग धातूच्या अनोळखी तुकड्यावर करा. उत्तर ०.०३ च्या जवळ आलं तर शिसं असू शकेल, ०.०९ आलं तर तांबं किंवा पितळ, ०.११ आलं तर लोखंड, ०.२१ आलं तर ॲल्युमिनियम. शिशाचा आकडा सोन्याच्याही आकड्याला लागून आहे, त्यामुळे घाईने आनंदू नका! पॅरिसमध्ये १७८२-८३च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी तर पाण्याऐवजी बर्फ वापरला. वस्तूच्या उष्णतेने किती बर्फ वितळला, ते पाणी तोलून मोजायचं. त्यांनी त्या भांड्यात एक जिवंत गिनीपिगही ठेवला होता, त्याच्या अंगातून किती उष्णता निघते ते बघायला.

खडीचा हा छोटा आकडा हवेतही जाणवतो. उन्हाळ्यात कोडोलीचा कातळ दुपारी चटकन तापतो आणि रात्री चटकन निवतो. सह्याद्रीपलीकडे रत्नागिरीला मात्र शेजारी अख्खा समुद्र. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं आणि ढवळलं जाऊन उष्णता खोलवर नेतं. म्हणून तिथे दिवस आणि रात्र यांच्या तापमानात आपल्याएवढा फरक पडत नाही.

आता पुढचा दगड तुमचा. पन्हाळ्याच्या माथ्यावर लालसर जांभा मिळतो. तो सच्छिद्र असतो, उकळत्या पाण्यात टांगला तर पाणी पिऊन बसेल आणि झटकून काही ते निघणार नाही. त्याला कोरडा ठेवून ९८ अंशांपर्यंत कसं तापवाल? झाकणाचा एक डबा जवळ घेऊन विचार करा.