खाडीतले रोहित : पाहावे कसे, फोटो काढावा कसा



पनवेलहून उरणकडे निघाले की जासई लागते. न्हावा-शेवा बंदराकडे साखरेचे कंटेनर याच बाजूने जातात. हिवाळ्यात तिथल्या पाण्यात गुलाबी पक्ष्यांचे थवे दिसतात. पुष्कळजण त्यांना बगळे समजतात. ते बगळे नव्हेत. ते रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. पावसाळा सरल्यावर येतात आणि मे-जूनपर्यंत राहतात. त्यांची वीण कच्छच्या रणात होते. मोठा रोहित चिखलातले बारीक जीव खातो, छोटा रोहित मुख्यतः शेवाळावर जगतो. पिसांचा गुलाबी रंग या खाद्यातूनच येतो.

हे पक्षी पाहायचे तर पंचांग जवळ ठेवा. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा थवे चरायला खाडीत लांब जातात. भरतीने चिखल बुडाला की पाणजे, भेंडखळ अशा उथळ पाणथळींत विसाव्याला येतात. म्हणून जवळून पाहायचे तर भरतीला. कोकणातला जुना हिशोब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला 3 च्या सुमारास भरती, अष्टमीला 6 च्या. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी 11 ते 12. हा अंदाज झाला. त्याच्या तासभर आधी जागेवर बसावे.

फोटोसाठी सूर्य पाठीशी घ्यावा. बांधावर किंवा गाडीतच बसावे, चिखलात उतरू नये. लांबचे भिंग नसेल तर दुर्बिणीतून पाहण्यातही समाधान आहे. चरणाऱ्या पक्ष्यांनी माना वर केल्या की आपण फार जवळ आलो असे समजा आणि थांबा. रोहिताला उडण्याआधी पाण्यावर धाव घ्यावी लागते. उडता थवा टिपण्यासाठी दगड मारणे किंवा वर ड्रोन फिरवणे म्हणजे विसाव्याला टेकलेल्या पक्ष्याची ताकद फुकट घालवणे.

आता मुद्द्याची गोष्ट. पाटाच्या शेपटाला पाणी पोचले नाही तर खोडवा वाळतो, हे आपल्याला सांगायला नको. पाणथळीचेही तसेच आहे. भरतीचे पाणी आत घेणारी उघाडी किंवा मोरी बुजली की तळे आटते, शेवाळ जाते, पक्षी जातात. 2024 साली नेरुळच्या तलावात पाण्याची वाट बंद झाली आणि तो कोरडा पडला. ठाणे खाडीच्या अभयारण्याला 2022 मध्ये रामसर दर्जा मिळाला खरा, पण भरतीच्या वेळचा विसावा बाहेरच्या अशा तळ्यांतच असतो.

तेव्हा पक्ष्यांबरोबर त्या मोरीचाही एक फोटो तारखेसह काढून ठेवा. वाट बुजलेली दिसली तर तो तहसील कचेरीत आणि वन खात्याकडे अर्जासोबत द्या. पाणी येत राहिले, तर पक्षी पुढच्या वर्षीही येतील.