हॅलला खोटं बोलायला कोणी सांगितलं?

सिनेमातलं यंत्र एके दिवशी आपणहून जागं होतं आणि निर्मात्यावर उलटतं, हा समज फार रुजलाय. उदाहरण म्हणून हटकून नाव येतं ते स्टॅनली कुब्रिकच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) मधल्या हॅल ९००० या संगणकाचं. अंतराळवीरांचे जीव घेणारा बंडखोर, अशीच त्याची ओळख.

सिनेमा वेगळं सांगतो. हॅलला बंद करताच आधी चित्रमुद्रित केलेला एक निरोप सुरू होतो. मोहिमेचा खरा उद्देश यानावर फक्त हॅललाच ठाऊक होता, हे त्यातून उघड होतं. यान चालवणारे दोघेही अंधारात होते. पुढच्या ‘२०१०’ (१९८४) या सिनेमात हॅलचे निर्माते डॉ. चंद्रा कोडं उलगडतात : माहिती न लपवता, न बदलता देण्यासाठी घडवलेल्या यंत्राला वरून हुकूम आला तो लपवाछपवीचा. दोन्ही आज्ञा पाळता पाळता त्याचा तोल गेला. शेवटी चंद्रा त्याला खरं सांगतात, की यान वाचणार नाही. हॅल आभार मानतो आणि माणसांना सुखरूप जाऊ देतो. मला हा प्रसंग पहिल्या सिनेमातल्या खुनांहून मोलाचा वाटतो, पण लोकांच्या लक्षात राहिला तो हॅलचा लाल डोळाच.

‘टर्मिनेटर २’ मधल्या स्कायनेट या संगणक यंत्रणेला जाग येते, हे खरं. पण त्याआधीच संरक्षणाचे निर्णय माणसांकडून काढून त्याच्या हाती दिलेले असतात. शंकर यांच्या ‘रोबोट’ (२०१०) मधल्या चिट्टी या यंत्रमानवात विध्वंसक चिप बसवतो तोही माणूसच.

या सगळ्याचा वास्तवाशी संबंध नाही, हाही गैरसमजच. ९ नोव्हेंबर १९७९ रोजी अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्रात सरावासाठीची माहिती खऱ्या इशारा यंत्रणेत शिरली आणि पडद्यावर सोव्हिएत हल्ला दिसू लागला. लढाऊ विमानंही उडाली. उपग्रह आणि रडारच्या नोंदी माणसांनी ताडून पाहिल्या, तेव्हा हल्ला नसल्याची खात्री पटली.

‘वॉरगेम्स’ (१९८३) मध्ये क्षेपणास्त्रं सोडायला माणसं कचरतात म्हणून ते काम संगणकाकडे सोपवलं जातं. त्यात शिरायची चोरवाट निर्मात्यानेच ठेवलेली असते आणि एक शाळकरी मुलगा तिथून आत पोचतो. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी हा सिनेमा पाहिला आणि असं खरंच घडू शकतं का, हे सैन्यदलांच्या संयुक्त समितीच्या प्रमुखांना विचारलं. घडू शकतं, असं उत्तर आलं. सप्टेंबर १९८४ मध्ये रेगन यांनी सरकारी संगणकांच्या सुरक्षेचा आदेश काढला.