चिमणीखालचा मॉल

लोअर परळच्या फिनिक्सला तुम्ही गेलाच असाल. पिक्चर, मग फूड कोर्ट, आणि महिनाअखेर असेल तर नुसताच एसीतला फेरफटका. मुंबईचे नसाल तर पुण्यात विमाननगरला याच नावाचा मॉल पाहिला असेल. या मॉलच्या मागे जी कंपनी आहे तिचं नाव माहितीय? ‘द फिनिक्स मिल्स लिमिटेड’. मिल्स! म्हणजे गिरणी.

आपल्या वयाच्या पोरांना गिरणी म्हटलं की आधी पिठाची आठवते. ही कापडाची होती, 1905 सालची. लोअर परळच्या मॉलमध्ये मान वर करून बघा, तिची चिमणी अजून उभी आहे. आपल्या सेल्फीत ती मागे येतेही, पण लक्ष कुणाचं जातं? (आणि हो, राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं नाव मॉलवाल्यांनी शोधलेलं नाही. ते गिरणीचंच आहे.)

परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा सगळा पट्टा म्हणजे गिरणगाव. कोकणातून, घाटावरून माणसं यायची, एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपायचे. एक कामावर गेला की त्याच्या जागी दुसरा आडवा व्हायचा. जेवण खाणावळीत, आणि घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. साचेखात्यात इतका आवाज असायचा की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी ओरडावं लागायचं. आज त्या आवारात हळू आवाजात इंग्रजी गाणी लागलेली असतात.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करायला हवं होतं, आणि आपली युनियन कुठली हे ठरवायचा हक्क हवा होता. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, तो विरत गेला. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, कित्येक जण गावी परतले. एव्हाना गिरणी मालकांच्याही लक्षात आलं होतं की कापडापेक्षा पायाखालची जमीन महाग आहे.

इथून पुढचा भाग जरा नियमांचा आहे, पण वाचा, कारण तो थेट तुमच्या-माझ्याशी संबंधित आहे.

मुंबईत गिरण्यांची जमीन होती सुमारे 600 एकर. 1991 मध्ये विकास नियंत्रण नियमावलीत 58 क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. कागदावर तरी मस्त वाटणी होती. 2001 मध्ये नियम बदलला. आता गिरणीची सगळी जमीन वाटायची नाही, तर जी मुळातच रिकामी आहे तेवढीच वाटायची. इमारती पाडून जी जागा मोकळी होईल ती हिशेबाबाहेर. आता गिरणीचं आवार म्हणजे शेडला शेड लागलेली. रिकामी जागा असणार किती? पर्यावरणवादी कोर्टात गेले, हायकोर्टात जिंकलेही. पण 2006 च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने बदललेला नियम कायम ठेवला.

मॉलचं युग तोवर सुरू झालं होतं. 1999 मध्ये हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स उघडला, तेव्हा गर्दी इतकी उसळली की आत जायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर तिकीट काढा, असा नियम करावा लागला. तेव्हा मोबाइल असणं म्हणजे काय होतं, ते घरी विचारा! फिनिक्सच्या आवारात नव्वदीच्या शेवटी बोलिंग ॲली आली, मग बिग बझार, आणि 2009 मध्ये महागड्या ब्रँडचा पॅलेडियम. बिग बझारच्या पिशव्या घेतलेली चाळीतली कुटुंबं आणि पॅलेडियमचं गिऱ्हाईक काही वर्षं एकाच गेटमधून आत यायचे. मला तो काळ बघायला आवडला असता.

मॉलला शिव्या घालायला हा लेख नाही. मीही तिथे जाते. पावसाळ्यात, उन्हाळ्यात, मैत्रिणीसोबत दोन तास काढायचे असतील तर जायचं कुठे? पण प्रश्न तोच आहे ना. परळ-लोअर परळ भागात वही उघडून, काहीही विकत न घेता तासभर बसता येईल अशा किती जागा तुम्हाला माहीत आहेत? मोजून बघा. एक तृतीयांशाचा हिशेब त्या मोजणीत दिसतो.

तो स्टेशनवरही दिसतो. गिरणी कामगार चाळीतून चालत कामावर यायचा. त्याच जमिनीवर ऑफिसं उभी राहिली आणि तिथला कर्मचारी विरार-कल्याणहून लोकलने यायला लागला. पूल मात्र तेच अरुंद राहिले. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, 23 जण गेले. तेच स्टेशन आता प्रभादेवी.

आणि घरं? गिरणी कामगारांसाठी म्हाडाची पहिली सोडत निघाली 2012 मध्ये, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी. घरं सात हजारांच्या आसपास, अर्जदार लाखाहून जास्त. पुढेही सोडती निघाल्या, पण रांग संपलेली नाही. अर्ज करणारे कित्येक आजोबा आता हयात नाहीत. त्यांच्या जागी मुलं-नातवंडं, म्हणजे आपल्याच वयाची पोरं, ‘वारस’ म्हणून कागद घेऊन फिरतात. अलीकडे त्यांना शेलू आणि वांगणीला घरं देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा कामगार आणि वारस आझाद मैदानात जमले. मुंबईतच घर द्या, ही त्यांची मागणी आहे.

शेलू-वांगणी कुठे, असं विचाराल तर कर्जत लोकलमध्ये बसा. बदलापूर गेलं की पुढचं स्टेशन वांगणी, त्यानंतर शेलू.