परदेशवारी आणि घरचे सिमकार्ड

मरोदा हे नाव महाराष्ट्रातील वाचकांच्या कानावरून क्वचितच गेले असेल. छत्तीसगडमधील भिलाई पोलाद कारखान्याच्या वसाहतीतला हा एक सेक्टर. कारखान्याला पाणी पुरविणारा मरोद्याचा तलाव जवळच आहे आणि मरोदा स्थानकावरून रेल्वेमार्ग दल्लीराजहराच्या लोहखाणींकडे जातो. १९५६ पर्यंत हा मुलूख ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे विदर्भातून इकडे नोकरीला येणाऱ्यास परमुलखात आल्यासारखे वाटत नसे. माझे वडील १९५८ साली भंडाऱ्याहून असेच आले आणि इथलेच झाले. सोव्हिएत सहकार्याने कारखान्याची उभारणी चालू होती. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. येथे आलेले रशियन अभियंते घरच्या पत्राची कशी वाट पाहत, हे वडील फार रंगवून सांगत. परदेशी गेलेल्या माणसाचा घराशी असलेला धागा तेव्हा टपालाच्या थैलीत असे. आता तो नखाएवढ्या एका चकतीत असतो, आणि हे मला ती चकती हरवल्यावर समजले.

चौतीस वर्षे बँकेची सेवा करून मी २०१७ साली निवृत्त झालो. पुढच्याच वर्षी, मे महिन्यात, आम्ही उभयता मुलीकडे जर्मनीला गेलो. ती डुइसबुर्ग येथे असते. तेही पोलादाचेच शहर. आमच्या भिलाईला रशियाने हात दिला तसा ओडिशातील राउरकेल्याला जर्मनीने दिला होता, त्यामुळे धुरांडी पाहून मला परके असे काही वाटले नाही. फ्रँकफर्टच्या विमानतळावर उतरताच जावईबापूंच्या सूचनेप्रमाणे तेथील सिमकार्ड विकत घेतले. जर्मनीत जुलै २०१७ पासून प्रीपेड सिमसाठी ओळख पटविणे सक्तीचे झाले आहे. पासपोर्ट, पत्ता, पुन्हा पासपोर्ट असा सुमारे तासभर त्यात गेला. विक्रेत्याने टाचणीसारख्या तारेने मोबाइलच्या कडेचा कप्पा उघडला, माझे भारतीय सिम काढून माझ्या तळहातावर ठेवले आणि आपले बसविले. ते सिम मी बोर्डिंग पासच्या तुकड्यात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात टाकले. पुढे तो सदरा धुलाईयंत्रात गेला की तुकडा केराच्या टोपलीत, याचा निर्णय आजतागायत झालेला नाही.

पंधरा दिवस काही अडले नाही. एके संध्याकाळी आठच्या सुमारास पुतण्याचा फोन आला. भारतात तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. दुर्ग येथे राहणाऱ्या माझ्या थोरल्या बंधूंच्या छातीत दुखू लागल्याने त्यांना रुग्णालयात नेले होते. पहाटे प्रक्रिया करायची होती आणि त्यापूर्वी मोठी अनामत रक्कम भरायची होती. "दहा मिनिटांत पाठवितो," मी निर्धास्तपणे सांगितले. मुलीच्या संगणकावर इंटरनेट बँकिंग उघडले, पासवर्ड दिला, रक्कम लिहिली. पडद्यावर ओळ उमटली की, आपल्या नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावर ओटीपी पाठविण्यात आला आहे.

तो क्रमांक त्या क्षणी जगातील कोणत्याही मोबाइलमध्ये नव्हता.

खात्यात पैसे होते, खातेदार समोर होता, सर्व पासवर्ड तोंडपाठ होते. आणि एक रुपयाही हलत नव्हता. यात यंत्रणेचा दोष नव्हता. पासवर्ड चोरणाऱ्याला जे करता येऊ नये, तेच तिने मलाही करू दिले नाही. कार्डाने ऑनलाइन व्यवहार करताना दुसरा पुरावा देण्याची पद्धत रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून लागू केली, तेव्हा तिचे महत्त्व शाखेतील खातेदारांना मीच समजावून सांगत असे. दुसरे सिम मिळवायचे तर ज्याच्या नावावर क्रमांक त्याने जातीने हजर व्हायला हवे, आणि मी तर हजारो मैल दूर. अखेर पुतण्याच्या सासऱ्यांनी पहाटे तीन वाजता रोख रक्कम आणून दिली. बंधू बरे झाले. मात्र आयुष्यभर बँकेत काढलेल्या माणसाला त्या रात्री स्वतःच्या खात्यासमोर तिऱ्हाइतासारखे बसावे लागले, हे शल्य राहिलेच.

गंमत अशी की, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ॲपलने ई-सिमची सोय असलेले आयफोन बाजारात आणले. गूगलच्या एका मोबाइलमध्ये ती २०१७ सालीच आली होती. जिओ व एअरटेल यांनी भारतात ती सेवा लगोलग सुरू केली. आज मध्यम किमतीच्या बऱ्याच मोबाइलमध्येही ती असते, आणि तरी आपल्याकडील ज्येष्ठ प्रवासी तिच्याकडे संशयाने पाहतात. म्हणून थोडे मुळापासून सांगतो.

सिमकार्ड प्रथम १९९१ साली आले. गीसेके अँड डेव्हरिएंट या जर्मन कंपनीने ते फिनलंडच्या रेडिओलिंजा या मोबाइल कंपनीसाठी तयार केले होते. आरंभी त्याचा आकार थेट एटीएम कार्डाएवढा होता. पुढे ते लहान होत गेले आणि २०१२ मध्ये नॅनो सिम आले, १२.३ मिलिमीटर लांब आणि ८.८ मिलिमीटर रुंद. आकार कितीही बदलला तरी आतील काम तेच राहिले. ग्राहकाची ओळख आणि एक गुप्त किल्ली त्यात साठविलेली असते. ती तपासूनच कंपनीचे जाळे मोबाइलला आत घेते. याचा अर्थ, महत्त्व त्या नोंदीला आहे. प्लॅस्टिकचा तुकडा हे केवळ तिचे वाहन.

बँकेच्या ग्राहकांना हे समजायला डीमॅटचे उदाहरण पुरेसे आहे. पूर्वी शेअर म्हणजे कागदी प्रमाणपत्र असे. ते फाटे, हरवे, टपालात गहाळ होई. १९९६ नंतर कागद गेला आणि नोंद राहिली. ई-सिमचे तसेच आहे. मोबाइल तयार होतानाच त्याच्या आतील पट्टीवर एक चिप कायमची बसविलेली असते. तिला ३२ अंकी ओळखक्रमांक असतो, त्याला ईआयडी म्हणतात. आपण सेवा विकत घेतली की कंपनी एक क्यूआर कोड पाठविते. मोबाइलने तो वाचला की कंपनीच्या सर्व्हरवरून आपली नोंद सांकेतिक स्वरूपात त्या चिपमध्ये उतरते. अशा अनेक नोंदी एकाच मोबाइलमध्ये ठेवता येतात.

परदेशप्रवासात डेटा स्वस्त मिळतो, म्हणून ई-सिमची जाहिरात केली जाते. ते खोटे नाही, परंतु माझ्या मते तो दुय्यम लाभ आहे. खरा लाभ असा की, आपले भारतीय सिम कप्प्यातून काढावेच लागत नाही. इंटरनेट परदेशी ई-सिमवर चालते आणि घरचा क्रमांक आपल्या जागी जागा राहून बँकेचे संदेश घेत असतो. ज्याला हे उमगले त्याला पुढील सर्व सूचनांचा हेतू आपोआप कळेल.

गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये, आम्ही पुन्हा डुइसबुर्गला गेलो तेव्हा तयारी मरोद्याच्या घरीच केली. प्रथम मोबाइलवर *#०६# दाबले. आयएमईआयबरोबर ईआयडीही दिसला, म्हणजे ई-सिमची सोय आहे. परदेशातून कोणी भेट म्हणून आणलेला मोबाइल असेल तर तो एखाद्या कंपनीशी जखडलेला नाही ना, हेही पाहावे. अमेरिकेत २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या आयफोनना सिमचा कप्पाच नसतो. तेथे आपला भारतीय क्रमांकही आधी ई-सिममध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि ते काम प्रवासाच्या आदल्या दिवशी करू नये.

त्यानंतर आपल्या भारतीय कंपनीकडून आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घेतले. याची बहुतेकांना भीती वाटते. रोमिंग म्हणताच डोळ्यांसमोर अवाढव्य बिल उभे राहते. पण ते बिल डेटाचे आणि कॉलचे असते. परदेशात येणाऱ्या एसएमएसला भारतीय कंपन्या सहसा शुल्क लावत नाहीत. मात्र रोमिंगच बंद असेल तर ओटीपीही येणार नाही. तेव्हा रोमिंग चालू आणि त्या क्रमांकाचे डेटा रोमिंग बंद, अशी स्थिती हवी. ई-सिमच्या बाबतीत नेमके उलटे. तेथे डेटा रोमिंग चालू ठेवावे लागते, नाहीतर परदेशी उतरल्यावर इंटरनेट न मिळाल्याने गोंधळ होतो. गरज पडल्यास एका सिमवरून दुसऱ्याच्या डेटावर आपोआप जाण्याची जी सोय मोबाइलमध्ये असते, ती आठवणीने बंद करावी. भारतीय क्रमांकावर आलेला कॉल उचलला तर मात्र शुल्क पडते. माझ्या पत्नीने पहिल्याच दिवशी एका विमा विक्रेत्याशी पाच मिनिटे सौजन्याने संभाषण केले!

क्यूआर कोडने आमची बरीच करमणूक केली. तो ई-मेलने त्याच मोबाइलवर आला, आणि त्याच मोबाइलने तो वाचायचा कसा? अखेर शेजारच्या दुकानातून त्याची छापील प्रत काढून आणली. हा कोड सहसा एकदाच चालतो. नोंद उतरल्यावर जागा मोकळी करण्याच्या उत्साहात ती पुसू नये. काही योजनांची मुदत नोंद उतरल्यापासून मोजली जाते, तर बऱ्याच योजनांची परदेशी जाळ्याशी जोडले गेल्यापासून. ही ओळ बारीक अक्षरांत असते, ती वाचावी. युरोपीय संघातील देशांनी आपसांतील रोमिंग शुल्क १५ जून २०१७ पासून रद्द केले असल्याने तेथील एकच सिम अनेक देशांत चालते. आपल्या सहलींचे लाडके स्वित्झर्लंड मात्र त्या संघात नाही, तेव्हा योजनेच्या यादीत त्याचे नाव आहे ना हे पाहून घ्यावे. अशा योजनांत बहुधा केवळ डेटा असतो, बोलण्यासाठी निराळा क्रमांक मिळत नाही. आमचे काम व्हॉट्सॲपवर भागले, तेही जुन्याच क्रमांकाने.

ई-सिम कोणाकडून घ्यावे, याबाबत सावध राहायला हवे. परदेशी सिम भारतात विकण्यासाठी दूरसंचार विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. जानेवारी २०२४ मध्ये विभागाच्या सूचनेवरून एअरालो आणि होलाफ्लाय ही दोन प्रसिद्ध ॲप भारतातील ॲप स्टोअरमधून काढली गेली होती. प्रवास आठवडाभराचाच असेल तर आपल्या भारतीय कंपनीची रोमिंग योजना सोपी पडते. मुक्काम महिन्याचा असेल तर ई-सिमचा हिशेब करून पाहावा.

बँकेचेही काही उरकून जावे. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने केलेल्या नियमानुसार नवे कार्ड मुळात देशांतर्गत वापरापुरतेच सुरू असते. परदेशी वापर ग्राहकाने स्वतः सुरू करून मर्यादा ठरवायची असते. एक-आठ-शून्य-शून्यने आरंभ होणारे निःशुल्क क्रमांक परदेशातून बरेचदा लागत नाहीत, म्हणून बँकेचा साधा दूरध्वनी क्रमांक वहीत लिहून न्यावा. वहीत म्हणण्याचे कारण उघड आहे.

आता याच सोयीची दुसरी बाजू. सिम म्हणजे केवळ नोंद असेल, तर ती दुसऱ्याच्या मोबाइलमध्येही उतरविता येते. भामटे मोबाइल कंपनीचे प्रतिनिधी असल्याची बतावणी करून फोन करतात, सिम बंद पडणार असल्याचे भय घालतात आणि ई-सिमसाठीची विनंती मंजूर करवून घेतात. मग आपल्या मोबाइलवरचे सिग्नल नाहीसे होते आणि ओटीपी त्यांच्या हाती जाऊ लागतात. आपण न मागता ई-सिमविषयी एखादा संदेश आला, अथवा घरी असताना सिग्नल अकारण गेले, तर दुसऱ्या फोनवरून प्रथम बँकेला, मग मोबाइल कंपनीला आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. येथे अर्धा तासही फार मोठा असतो. ई-सिमचे काम नेहमी आपण होऊन, कंपनीच्या अधिकृत ॲपवरून वा दुकानात जाऊन करावे.

फ्रँकफर्टला उतरल्यावर या खेपेस कोणत्याही दुकानापुढे उभे राहावे लागले नाही. सामान येण्याआधीच मुलीला निरोप पोहोचला होता. ऱ्हाईन नदीच्या काठाने गाडी चालली असताना मी थोरल्या बंधूंच्या घराचे वीजबिल भरले. भिलाईचा जुना क्रमांक एकदा थरथरला, सहा आकडे आले, काम झाले. बंधूंना फोन करून सांगितले, तर ते म्हणाले, "बिल कालच भरले मी."

परत आल्यापासून आमच्या ओसरीवर संध्याकाळी एक छोटी शाखाच भरते. शेजारपाजारच्या पाच-सहा घरांतील मुले परदेशी आहेत. मंडळी मोबाइल घेऊन येतात आणि *#०६# दाबून पाहतात. परवा पाचांपैकी दोघांकडे ईआयडी निघाला. उरलेल्या तिघांना मी नवा मोबाइल घेण्याचा सल्ला दिला नाही. त्यांच्या मोबाइलला दोन सिमचे कप्पे आहेत. पहिल्यात घरचे सिम तसेच ठेवायचे, दुसऱ्यात तेथील साधे सिम घालायचे. एका काकूंच्या दुसऱ्या कप्प्यात जुने बंद पडलेले सिम होते. ते काढून त्यांनी विचारले, "हे फेकू का?" क्रमांक कोणत्या खात्याला जोडलेला आहे ते आधी पासबुक आणून पाहू, असे मी म्हणालो. त्या पासबुक आणायला गेल्या आहेत.