कोणत्या संस्थेत जावे? पाचारणाची पारख करताना

बारावीचा निकाल लागला की मिशन केंद्रांवर एक प्रश्न हमखास येतो. पाड्यावरचे आईवडील मुलीला सोबत घेऊन येतात आणि म्हणतात, "हिला सिस्टर व्हायचंय. कुठल्या सिस्टरांकडे पाठवायची?" आपल्यापैकी अनेकांनाही धर्मग्रामात कोणीतरी हा प्रश्न विचारला असेल. उत्तर देणारा बहुधा आपल्या ओळखीच्या संस्थेचे नाव सांगून मोकळा होतो. मावशी ज्या संस्थेत आहे ती, वसतिगृह ज्या सिस्टर चालवतात ती, किंवा पाचारण शिबिरात ज्यांचे माहितीपत्रक पहिल्यांदा हाती पडले ती. देव अशा साध्या वाटांनीही बोलावतो, हे मान्य. पण प्रश्न आयुष्यभराचा असताना तेवढ्यावर थांबू नये.

बाहेरून पाहणाऱ्याला सगळ्या संस्था सारख्याच दिसतात. सगळ्याच शाळा चालवतात, दवाखाना चालवतात, फरक काय तो झग्याच्या रंगाचा. त्यामुळे मुलीही कामावरूनच निवड करतात. "मला नर्स व्हायचंय, म्हणून दवाखानावाल्या सिस्टर." नर्स होण्यासाठी व्रते घ्यावी लागत नाहीत, हे तिला कोणीतरी प्रेमाने सांगायला हवे. काम बदलते. आज दवाखान्यात असलेल्या सिस्टरची उद्या शाळेत बदली होते, परवा तिच्याकडे हिशेबाच्या वह्या येतात. ज्या कामासाठी ती आली ते काम संस्थाच एखाद्या दिवशी बंद करते. तेव्हा हाती काय उरते? त्या संस्थेची प्रार्थनेची रीत, एकत्र राहण्याची रीत, गरिबांकडे आणि प्रभूकडे पाहण्याची दृष्टी. यालाच ख्रिस्तसभा संस्थापकाचे कृपादान म्हणते.

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १२व्या अध्यायात कृपादानांविषयी सांगितले आहे. आत्मा एकच, दाने निरनिराळी, आणि ती सर्वांच्या हितासाठी. संस्थापकांचेही तसेच आहे. प्रत्येकाला शुभवर्तमानाची एक बाजू अशी काही दिसली की त्याचे सगळे जगणे तिच्याभोवती फिरू लागले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली संन्यस्त जीवनावरच्या आदेशपत्रात सर्व संस्थांना हेच सांगितले की आपल्या संस्थापकाच्या मूळ प्रेरणेकडे परत जा आणि ती आजच्या काळात जगा.

फ्रान्सिस्कन कुटुंबापासून सुरुवात करू, कारण आदिवासी भागात काम करणाऱ्यांना ते जवळचे वाटते. असिसीच्या फ्रान्सिसला कुष्ठरोग्यांची किळस यायची. एका कुष्ठरोग्याला त्याने मिठी मारली आणि आधी जे कडू वाटत होते ते त्याला गोड वाटू लागले. त्याने आपल्या सोबत्यांना 'लहान बंधू' हे नाव दिले. मोठे होऊन गरिबांना मदत करायची नाही, लहान होऊन त्यांच्यात राहायचे, हे या वाटेचे मर्म. हे कागदावर सोपे वाटते. सिस्टर राणी मारिया या केरळच्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट धर्मभगिनी मध्य प्रदेशात उदयनगर भागात गेल्या. तिथे सावकारांच्या कर्जात अडकलेल्या भूमिहीन आणि आदिवासी कुटुंबांना त्यांनी एकत्र केले, सरकारी योजनांची वाट दाखवली. ज्यांचे हितसंबंध दुखावले त्यांनी मारेकरी पाठवला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमध्ये त्यांची हत्या झाली. पुढे त्यांची सख्खी बहीण, तीही त्याच संस्थेतली धर्मभगिनी, तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधून आली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियांना धन्यवादित घोषित करण्यात आले. संघर्ष आणि क्षमा या दोन्ही गोष्टी एकाच घरात शिकवल्या जातात का, हे मी तरी कोणत्याही फ्रान्सिस्कन संस्थेत जाऊ इच्छिणाऱ्या मुलीला बघायला सांगेन.

येशूसंघाची तऱ्हा वेगळी. संत इग्नेशियस लोयोला हा सैनिक. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणाला खिळलेला असताना त्याला शूरवीरांच्या कथा वाचायच्या होत्या, पण घरात होते ते ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांच्या कथा. तेच वाचावे लागले. एका उच्चकुलीन स्त्रीसाठी पराक्रम गाजवण्याची स्वप्ने पाहताना त्याला मजा वाटायची, पण नंतर मन कोरडे पडायचे. फ्रान्सिसने आणि डॉमिनिकने केले तसे आपण केले तर, हा विचार मनात आला की त्याचा आनंद नंतरही टिकायचा. या एका निरीक्षणातून पारखेची त्याची सगळी शिकवण उभी राहिली. त्याने कार्थुसियन मठात जायचाही विचार केला होता, आणि बुर्गोसला जाणाऱ्या नोकराला तिथल्या मठाचे नियम विचारून यायला सांगितले होते! म्हणजे 'कोणत्या संस्थेत जावे' हा प्रश्न आपल्या पोरांना पडतो तसाच त्यालाही पडला होता. शेवटी तो यांपैकी कशातच गेला नाही. १५४० साली येशूसंघाला मान्यता मिळाली. प्रार्थनागृहात एकत्र जमून स्तोत्रे गाण्याची जुनी पद्धत त्याने आपल्या संघात ठेवली नाही, कारण माणसे कुठेही पाठवता यावीत. देव कामात भेटतो, गरज असेल तिथे जायचे, आणि रोज थांबून दिवस तपासायचा.

त्यामुळे येशूसंघीयांची कामे एकमेकांसारखी दिसत नाहीत. बेल्जियमचे फादर कॉन्स्टंट लिव्हन्स १८८५ साली छोटानागपूरला आले तेव्हा मुंडा आणि उरांव लोकांच्या जमिनी जात होत्या. ते जमिनीचे कायदे शिकले आणि लोकांच्या बाजूने कोर्टकचेऱ्यांत उभे राहिले. आपल्या अहमदनगर भागात स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी दुष्काळी गावांत पाणलोटाचे काम उभे केले. १९९३ साली सुरू झालेली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही त्यातलीच. एकाने कायदा हाती घेतला, दुसऱ्याने बांध घातले. ज्याला एकाच जागी, एकाच कामात रुजायचे आहे, त्याला असे पाठवले जाणे जड जाईल. हा दोष नव्हे, पण आधी कळलेला बरा.

रुजायचे असेल तर संत बेनेडिक्टची वाट आहे. त्याच्या नियमावलीत ७३ अध्याय आहेत आणि त्याच्या मठवाशाने एकाच मठात टिकून राहण्याचे वचन द्यायचे असते. प्रार्थना, वाचन, हातांचे काम, आणि आलेल्या पाहुण्यात ख्रिस्त पाहणे. मठाच्या अवजारांना वेदीवरच्या पवित्र पात्रांइतके जपावे असे ही नियमावली सांगते. नांगर पुजणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. डॉमिनिकन वाट अभ्यासाची आणि प्रवचनाची, ध्यानात जे गवसले ते लोकांना वाटण्याची. डॉन बॉस्कोच्या सालेशियनांचे मैदान म्हणजेच चॅपेल. विवेक, धर्म आणि माया या तिन्हींनी मुलांना वाढवायचे, आणि त्यासाठी सतत त्यांच्यामध्ये असायचे. ज्याला गलबला सोसत नाही त्याने तिथे जाऊ नये, एवढे स्पष्ट सांगते.

कार्मेल मठाचे नाव काढले की आपले पाठीराखे हळूच विचारतात, "त्या आत बसून काय करतात?" समाजकार्य करणाऱ्या बाईला हा प्रश्न मनात येतच नाही असे नाही. पण लिझिएची संत तेरेजा पंधराव्या वर्षी मठात गेली, चोविसाव्या वर्षी १८९७ साली तिथेच मरण पावली, कधी मिशनला गेली नाही, आणि १९२७ साली पोप अकरावे पायस यांनी तिला संत फ्रान्सिस झेवियरच्या जोडीने मिशनांची आश्रयदाती घोषित केले. पाड्यावरची एखादी शांत, प्रार्थनेत रमणारी मुलगी कामसू संस्थेत गेली तर 'आळशी' ठरते. तिला कार्मेल हा शब्द कोणी सांगितलेलाच नसतो.

याउलट संत विन्सेंट द पॉल आणि संत लुईझ द मारियाक यांनी १६३३ साली सुरू केलेल्या 'डॉटर्स ऑफ चॅरिटी'. त्या काळी धर्मभगिनी म्हणजे बंद मठ. विन्सेंटने आपल्या भगिनींना भिंती दिल्याच नाहीत. आजारी माणसाचे घर हाच त्यांचा मठ, शहराचे रस्ते हेच आवार. प्रार्थनेच्या वेळी गरीब दाराशी आला तर उठून जा, ते देवाला सोडणे नव्हे, असे तो सांगे. त्यांची व्रते आजही दरवर्षी नव्याने घेतली जातात.

एका माणसाची वाट जाता जाता बदलू शकते का? मदर तेरेसा १९२८ साली लोरेटो संस्थेत गेल्या. जवळजवळ दोन दशके तिथे आनंदाने शिकवले. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना दुसरी हाक ऐकू आली, तरी वरिष्ठांची परवानगी येईपर्यंत, म्हणजे १९४८ सालापर्यंत, त्या थांबल्या. १९५० साली मान्यता मिळालेल्या त्यांच्या संस्थेत चौथे व्रत असते, गरिबांतल्या गरिबांची मनापासून, विनामूल्य सेवा करण्याचे. शार्ल द फुको यांचे वळण आणखी मोठे. १८९० साली ते ट्रापिस्ट मठात गेले. मठही त्यांना पुरेसा गरीब वाटेना. १८९७ साली बाहेर पडून नाझरेथमध्ये क्लेअर भगिनींच्या मठात गडी म्हणून राहिले, आणि अखेरीस सहारा वाळवंटात तुआरेग लोकांमध्ये. त्यांनी तुआरेग भाषेचा शब्दकोश केला. ते आजारी पडले तेव्हा दुष्काळातही त्याच लोकांनी शेळीचे दूध गोळा करून त्यांना जगवले. १९१६ साली त्यांची हत्या झाली तेव्हा त्यांच्याबरोबर एकही शिष्य नव्हता. २०२२ साली त्यांना संतपद मिळाले.

फुकोंच्या शब्दकोशाची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. आपली वारली, कोकणा किंवा भिल्ल मुलगी संस्थेत जाते तेव्हा तिला बहुधा दुसऱ्या राज्यातल्या घरात, दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या जेवणावर राहावे लागते. थोडेफार सोसणे व्रतातच येते. पण जेवणाच्या टेबलावर सगळे एका भाषेत हसतात आणि तिला काहीच कळत नाही, हे पाच वर्षे चालले तर त्याला दारिद्र्याचे व्रत म्हणता येणार नाही. म्हणून मुलीला पाठवण्याआधी पालकांनी आणि फादरांनी संस्थेला सरळ विचारावे. घरात कोणती भाषा चालते? आमच्यासारख्या मुली किती आहेत, आणि त्यांतल्या कोणी सुपिरियर झाल्या आहेत का? दिवसातून किती वेळ प्रार्थना, किती वेळ मौन? लावणीच्या दिवसांत घरी माणूस कमी पडले तर काय? शिक्षणाचे आश्वासन देऊन मुलींना नेणाऱ्यांपासून जपावे. कॉलेजच्या फीसाठी मदत हवी असेल तर ती मदत मागावी, पाचारण नव्हे. आमच्यासारख्या संस्था त्यासाठीच आहेत.

आणि मुलीने स्वतः काय करावे? दोन-तीन संस्थांच्या घरी जाऊन आठवडाभर राहावे. नुसता सण पाहून परत येऊ नये, साधा मंगळवार पाहावा. घरी आल्यावर इग्नेशियससारखे लक्ष द्यावे. तिथला उत्साह परतीच्या गाडीतच ओसरला, की पंधरा दिवसांनी भात कांडतानाही मन तिकडे शांतपणे वळते? हे एकटीने करू नये. जिला कोणत्याही संस्थेत तिची भरती करायची नाही अशा जाणत्या व्यक्तीबरोबर बोलावे.

ख्रिस्तसभेचा कायदा या बाबतीत सावध आहे. १७ वर्षे पूर्ण होण्याआधी नॉव्हिशिएटमध्ये प्रवेश नाही. नॉव्हिशिएट किमान १२ महिन्यांचे. पहिली व्रते १८ वर्षांनंतर, तीही ठरावीक मुदतीची. कायमची व्रते २१ वर्षांनंतर. नॉव्हिस असेपर्यंत मुलगी मोकळेपणाने घरी येऊ शकते, आणि संस्थाही तिला परत पाठवू शकते. पारखेचा काळ त्यासाठीच असतो. पण पाड्यावर परत आलेल्या मुलीला "सिस्टर होऊन आली वाटतं" असे टोमणे ऐकावे लागतात, आणि ते मिस्सेनंतर देवळाच्या अंगणातच जास्त ऐकू येतात. परत आलेल्या अशा मुली बालवाडीत, आरोग्य सेविकांबरोबर, धर्मशिक्षणाच्या वर्गात फार चांगले काम करतात. पुढच्या वेळी आपल्या धर्मग्रामात अशी कोणी परत आली, तर तिला आमच्याकडे पाठवा.