डेव्हिड स्मिथ : पोलाद, सांधा आणि रंग

शिल्पकलेच्या परंपरागत पद्धती मुख्यत्वे दोन. पाषाण वा काष्ठ तासून आकृती प्रकट करणे ही एक. मृत्तिकेत आकृती घडवून साच्याच्या साहाय्याने तिचे धातूत रूपांतर करणे ही दुसरी. विसाव्या शतकात या दोहोंच्या जोडीला तिसरी पद्धती आली. सुटे धातुखंड एकमेकांस सांधून शिल्प रचावयाचे, ही ती पद्धती होय. अमेरिकेत तिला पूर्णत्व देणाऱ्या कलावंतांत डेव्हिड स्मिथ (१९०६–१९६५) याचे स्थान अग्रगण्य आहे.

स्मिथचा जन्म इंडियाना राज्यातील डेकेटर या गावी झाला. १९२५ च्या उन्हाळ्यात साउथ बेंड येथील स्टूडबेकर मोटार कारखान्यात त्याने कामगार म्हणून काम केले व धातूशी त्याचा प्रत्यक्ष परिचय झाला. पुढील वर्षी तो न्यूयॉर्कला गेला आणि आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये चित्रकला शिकू लागला. त्याचे शिक्षण चित्रकाराचे होते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पिकासो व हुलिओ गोन्झालेस यांच्या लोखंडी शिल्पांची छायाचित्रे एका फ्रेंच नियतकालिकात त्याच्या पाहण्यात आली. कारखान्यात वापरलेली साधने कलानिर्मितीसही चालतात, याची खूण त्याला तेथे पटली. १९३३ मध्ये त्याने वेल्डिंगने पहिली लोखंडी शिल्पे केली. लवकरच ब्रुकलिनच्या धक्क्यावरील ‘टर्मिनल आयर्न वर्क्स’ या लोहारकामाच्या कारखान्यात त्याने आपली कार्यशाळा थाटली.

या पद्धतीचे मर्म असे : ऑक्सिजन व ॲसिटिलीन यांच्या ज्योतीचे तापमान सुमारे ३,००० अंश सेल्सियसपर्यंत जाते, लोखंड सुमारे १,५३८ अंशांस वितळते. त्यामुळे दोन तुकड्यांच्या कडा वितळून एकजीव होतात. साच्याची व ओतकामाची आवश्यकता राहत नाही, खर्च वाचतो आणि रचना करता करताच तीत बदल करता येतो. भरीव घनाकाराऐवजी रेषा, पत्रे व मोकळा अवकाश यांतून शिल्प उभे राहते. ‘हडसन रिव्हर लँडस्केप’ (१९५१) हे त्याचे उत्तम उदाहरण. निसर्गदृश्यासारखा चित्रकलेचा विषय तेथे केवळ पोलादी रेषांनी हवेत रेखाटला आहे.

१९४० मध्ये स्मिथ न्यूयॉर्क राज्यातील बोल्टन लँडिंग येथे कायम राहावयास गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्केनेक्टडी येथील कारखान्यात त्याने रेल्वे इंजिने व रणगाडे यांचे वेल्डिंग केले. १९६२ मध्ये इटलीतील स्पोलेतो महोत्सवासाठी त्याच्याकडून एकदोन शिल्पांची अपेक्षा होती. व्होल्त्री येथील बंद पडलेल्या कारखान्यांत त्याने तीस दिवसांत २७ शिल्पे रचली. ‘क्यूबी’ मालिकेतील २८ शिल्पे (१९६१–६५) स्टेनलेस स्टीलची असून, उघड्यावरील प्रकाश खेळावा म्हणून त्यांचे पृष्ठभाग घासून झळझळीत केलेले आहेत.

स्मिथ अनेक शिल्पे रंगवीत असे. रंग हा त्याच्या दृष्टीने अलंकार नव्हता, रचनेचाच घटक होता. त्याच्या ‘१७ एच्स’ (१९५०) या शिल्पाचा लाल रंग नंतर काढून टाकण्यात आला, तेव्हा १९६० मध्ये त्याने कलाविषयक नियतकालिकांतून जाहीर निषेध केला व ती कृती आपली नव्हे असे सांगितले.

२३ मे १९६५ रोजी व्हरमाँटमधील बेनिंग्टननजीक मोटार अपघातात त्याचा मृत्यू झाला. त्याच्या मालमत्तेच्या विश्वस्तांत समीक्षक क्लेमेंट ग्रीनबर्ग हे होते. स्मिथच्या शिल्पांतील रंग त्यांना पटत नसे. त्यांच्या काळात काही शिल्पांवरील पांढरा रंग खरवडण्यात आला. १९७४ मध्ये रोझालिंड क्राउस यांनी ही गोष्ट उजेडात आणली. तो पांढरा थर म्हणजे पुढील रंगासाठी घातलेले अस्तर होते, शिल्पे अपूर्णच होती, असे ग्रीनबर्ग यांच्या बाजूने म्हणता येई. परंतु अपूर्ण कृती अपूर्ण ठेवणे आणि ती आपल्या अभिरुचीनुसार पुरी करणे यांत मोठे अंतर आहे. समीक्षकाचा अधिकार कृतीचा अर्थ लावण्यापुरता असतो. १९६० चा निषेध लक्षात घेता, या बाबतीत कलावंताची इच्छा अज्ञात होती असेही म्हणता येत नाही. पोलादाचा सांधा चिरकाल टिकतो. रंगाचा थर मात्र रक्षणकर्त्याच्या विवेकावरच अवलंबून असतो.